प्रश्न समजला होता, उत्तरही येत होते

पत्राचा सारांश : पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी लिहिते की, तिचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि विद्यापीठात आल्यावर पहिले वर्षभर ती वर्गात इंग्रजीतून जवळपास काहीच बोलली नाही. वाचलेले समजत होते, लेखी परीक्षा चांगल्या जात होत्या, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. दुसऱ्या वर्षी तिने ठरवून सुरुवात केली. अभ्यासगटात आधी एखाददुसरे वाक्य, मग एखादा मुद्दा, मग गटचर्चा असे करत करत गेल्या महिन्यात तिने आपल्या प्रबंधाच्या विषयावर 15 मिनिटांचे सादरीकरण केले आणि ते चांगले झाले. त्यानंतर प्रश्नोत्तरे सुरू झाली. 'तुम्ही हाच नमुना (म्हणजे अभ्यासासाठी हीच माणसे) का निवडला?' असा साधा प्रश्न प्राध्यापकांनी विचारला आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्यातच 'हायपॉथिसिस' या शब्दाचा तिने केलेला उच्चार ऐकून मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. वर्षभरात कमावलेला आत्मविश्वास खोटाच होता, असे आता तिला वाटते आहे. प्रबंधाची मौखिक परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली आहे. मैत्रिणीचे म्हणणे, 'तू मराठीत विचार करतेस म्हणून अडतेस, काही दिवस मराठी बोलणेच बंद कर.' घरच्यांचे म्हणणे, फी भरून एखादा स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. तिचा प्रश्न असा : 'आधी आत्मविश्वास यावा लागतो की आधी इंग्रजी? आणि यांतले माझ्याकडे नेमके काय नाही?'

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात 15 मिनिटांच्या सादरीकरणाला अडीच ओळी मिळाल्या आहेत आणि त्यानंतरच्या काही क्षणांना जवळजवळ दोन पाने. हे प्रमाण मला खटकले. तरीही मी सुरुवात त्या क्षणांपासूनच करणार आहे, कारण 'झाले ते विसरून जा' हा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. त्या क्षणांत काय घडले हे नीट पाहिले, तर तुम्ही त्यावरून काढलेला निष्कर्ष किती घाईचा आहे ते दिसेल, आणि उरलेल्या दिवसांत मेहनत कशावर घ्यायची तेही त्यातूनच ठरेल.

बोलणे बाहेरून एकच क्रिया वाटत असली तरी आत तिचे टप्पे असतात. विलेम लेव्हेल्ट या डच अभ्यासकांनी 1989 मध्ये त्यांची जी मांडणी केली, ती या विषयाच्या अभ्यासात आजही पायाभूत समजली जाते. आधी काय म्हणायचे ते ठरते, मग त्यासाठी शब्द आणि वाक्यरचना जुळते, मग उच्चार होतो, आणि हे सगळे चालू असताना आपण आपल्याच बोलण्यावर कानही ठेवून असतो. स्वतःच्या भाषेत माणूस सेकंदाला साधारण 2 ते 3 शब्द बोलतो, म्हणजे शब्द शोधणे आणि वाक्य जुळवणे ही कामे आपसूक होत राहतात आणि लक्ष मोकळे राहते ते आशयाकडे. जी भाषा आपण भरपूर वाचली पण फारशी बोललो नाही, तिच्यात या प्रत्येक कामाला जाणीवपूर्वक लक्ष पुरवावे लागते, आणि एका वेळी पुरवता येईल इतके लक्ष कोणाकडेही मर्यादितच असते.

समोरासमोरच्या प्रश्नोत्तरांत याच्यावर वेळेचा ताण चढतो. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 भाषांमधील प्रश्नोत्तरांची तुलना करून 2009 मध्ये दाखवले की, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामधले अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. एखाद्या साध्या चित्राकडे पाहून त्यातल्या वस्तूचे नाव घ्यायलासुद्धा याच्या तिपटीच्या घरात वेळ लागतो. याचा अर्थ उघड आहे : समोरचा बोलत असतानाच ऐकणाऱ्याच्या मनात उत्तराची जुळवाजुळव सुरू झालेली असते. तुमचे प्राध्यापक विचारत होते तेव्हा तुमचे सगळे लक्ष प्रश्न समजून घेण्यात गुंतले होते, आणि ते तसे गुंतणे स्वाभाविकही होते. पण त्यामुळे उत्तराची तयारी प्रश्न संपल्यावर सुरू झाली. तुम्हीच लिहिले आहे की, 'नमुना प्रातिनिधिक असावा म्हणून तिन्ही वयोगटांतल्या, नोकरी करणाऱ्या आणि न करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया मी निवडल्या' हे अख्खे वाक्य मनात मराठीत तयार झाले होते, 'प्रातिनिधिक'पाशी तुम्ही अडलात, आणि तेवढ्यात 'ठीक आहे' म्हणून प्राध्यापक पुढे गेले.

हे पुन्हा वाचा. प्रश्न तुम्हाला समजला होता. उत्तर तुमच्याकडे होते, आणि ते चांगले होते. अडचण एका शब्दापाशी आणि काही सेकंदांपाशी होती. एवढ्यावरून संपूर्ण वर्षाची कमाई खोटी ठरवणे हा तुमच्या स्वतःच्या विषयातही कोणी मान्य करणार नाही असा निष्कर्ष आहे; एका निरीक्षणावरून तुम्ही प्रबंधात असे विधान केले असते, तर मार्गदर्शकांनी त्याखाली लाल रेघ मारली असती.

तुमच्या प्रश्नामागचे पहिले गृहीतक मला इथेच दिसते. आत्मविश्वास हा एकच अखंड साठा आहे, तो एकतर असतो किंवा नसतो, आणि एका प्रसंगी कमी पडला की आधीही नव्हताच, असे तुम्ही धरून चालला आहात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी 1977 पासून स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाविषयी जे लिहिले, त्यातला एक मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे : हा विश्वास विशिष्ट कामापुरता असतो. पोहता येणाऱ्या माणसाचा पाण्यातला विश्वास त्याला गाडी चालवताना आपोआप मिळत नाही. तयार केलेले सादरीकरण आणि अचानक आलेला प्रश्न ही दोन वेगळी कामे आहेत. सादरीकरणात काय म्हणायचे ते घरी ठरले होते, शब्द बहुतेक निवडलेले होते, आणि बोलताना तुमचे लक्ष उच्चाराला आणि श्रोत्यांना देता आले. या कामाचा विश्वास तुम्ही वर्षभर पायरी-पायरीने मिळवला आणि तो खराच आहे. दुसऱ्या कामाचा सराव तुम्ही अजून केलेलाच नाही, त्यामुळे त्याचा विश्वास असण्याचे कारणही नव्हते.

आता 'आधी काय' या तुमच्या प्रश्नाकडे येते. बांडुरा यांनी या विश्वासाचे चार स्रोत सांगितले : काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन, आणि आपल्या शरीराच्या लक्षणांचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला स्रोत सर्वांत बळकट आहे. म्हणजे बोलण्याचा विश्वास मुख्यतः बोलूनच येतो, आणि सुरुवातीची बोलणी विश्वासाशिवायच करावी लागतात. तुम्ही हे केलेलेही आहे. अभ्यासगटात पहिले वाक्य उच्चारलेत तेव्हा तुमच्याकडे कुठला विश्वास होता? तुम्ही स्वतः लिहिता की, त्या दिवशी वहीत वाक्य लिहून, ते तीनदा मनात म्हणून, मग बोललात. विश्वास त्यानंतर आला, आणि तोही पुढच्या एका वाक्यापुरता. तेव्हा विश्वासाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. मात्र एकदम कठीण प्रसंगात उडी घेणेही शहाणपणाचे नाही, कारण फसलेला अनुभवही तितकाच खोल जातो. वर्षभर तुम्ही पायऱ्या अगदी बेताच्या उंचीच्या ठेवल्या होत्या. सादरीकरण आणि प्रश्नोत्तरे यांच्यामध्ये मात्र एक पायरी राहून गेली.

चौथ्या स्रोताविषयी थोडे थांबून सांगावेसे वाटते. घशाला कोरड पडणे, छातीत धडधडणे ही लक्षणे तुम्ही 'मला जमणार नाही' याचा पुरावा मानता. पण पत्रात एका जागी तुम्ही सहज लिहून गेला आहात की सादरीकरणाआधीही हीच धडधड होत होती. ती असतानाही ते चांगले झाले. मग लक्षण तेच राहून परिणाम वेगळा असेल, तर त्या लक्षणाला भविष्य सांगण्याचा अधिकार देऊ नये.

'मला सगळे समजते, मग बोलता का येत नाही?' हा प्रश्नही तुमच्या पत्रात दोनदा आला आहे, आणि तुमच्यासारखे असंख्य विद्यार्थी याच प्रश्नाने स्वतःला दोष देत राहतात. कॅनडात इंग्रजी घरांतली मुले शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकत असत. त्यांच्या अभ्यासावरून मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये दाखवून दिले की, वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून-वाचून या मुलांची समज फ्रेंच भाषक मुलांच्या जवळ पोहोचली होती, पण बोलण्या-लिहिण्यातील व्याकरण बरेच मागे राहिले होते. याचे कारणही समजण्यासारखे आहे. ऐकताना किंवा वाचताना संदर्भ मदत करतो; शेवटचा प्रत्यय कळला नाही तरी अर्थ लागतो. बोलताना मात्र तो प्रत्यय स्वतःच लावावा लागतो, क्रियापदाचा काळ स्वतःच ठरवावा लागतो. समजणे आणि बोलणे ही वेगवेगळ्या सरावाने येणारी कौशल्ये आहेत. आणखी 20 पुस्तके वाचल्याने तुमचे शब्दज्ञान नक्की वाढेल, आणि वाचन सोडू नका असेच मी सांगेन, पण प्रश्नोत्तरांतली अडचण त्याने सुटणार नाही.

मैत्रिणीचा सल्ला तुमच्या हिताच्याच भावनेने दिलेला आहे, यात शंका नाही. पण 'मराठीत विचार करणे' हा त्यात गुन्हा ठरवला आहे आणि तो मला मान्य नाही. आशय कोणत्या भाषेत सुचतो याच्यावर आपला फारसा ताबा नसतो, आणि ज्या भाषेत तुमची विचार करण्याची ताकद सर्वाधिक आहे तिला गप्प बसवून तुमचा प्रबंध सुधारणार नाही. शिवाय मराठी बोलणे बंद केले तर ज्या मैत्रिणींशी तुम्ही मोकळेपणाने बोलता, त्यांच्याशीच तुमचे बोलणे कमी होईल. इंग्रजी वाढेलच असे नाही, एकटेपणा मात्र वाढेल.

तरीही मैत्रिणीने एका खऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. अडचण मराठीत विचार करण्याची नसून, पूर्ण आणि लांब मराठी वाक्य मनात तयार करून मग ते जसेच्या तसे इंग्रजीत उतरवण्याची आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते, कारणे आणि विशेषणे आधी. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ लगेच क्रियापद हवे. त्यामुळे मराठी वाक्य संपेपर्यंत तुम्हाला इंग्रजी वाक्य सुरूच करता येत नाही आणि संपल्यावर ते उलट्या टोकाने उलगडावे लागते. प्रयत्नपूर्वक बदलता येते ती वाक्याची लांबी. तुमचेच उत्तर तुकड्यांत कसे झाले असते ते पाहा. 'देअर वेअर टू रीझन्स. फर्स्ट, आय वाँटेड विमेन फ्रॉम थ्री एज ग्रुप्स. सेकंड, आय वाँटेड बोथ वर्किंग अँड नॉन-वर्किंग विमेन.' चौथीतल्या मुलीलाही समजतील अशी ही वाक्ये आहेत, आणि प्राध्यापकांना हवे होते ते सारे त्यांत आहे. 'प्रातिनिधिक' हा शब्द लागलाच नाही. कारणे दोन आहेत हे आधी सांगून टाकल्याने दुसरे कारण जुळवायला वेळही मिळाला. शब्द आठवेना तर त्या शब्दामागची गोष्ट सांगायची, ही सवय तुम्ही मराठीतसुद्धा लावू शकता : लांब वाक्य सुचले की त्याचे मराठीतच तीन तुकडे करायचे. इंग्रजीत उतरायला ते आपसूक सोपे जातात.

त्या हसण्याकडे आता वळते. ते तुम्हाला लागले, आणि लागणे साहजिक होते. जाणत्या मुलांच्या वर्गात कोणाच्या उच्चाराला हसणे हे असभ्य आहे, आणि त्याची जबाबदारी हसणाऱ्याची आहे. मात्र 'सगळा वर्ग माझ्या इंग्रजीकडेच पाहत होता' हे तुमचे वाक्य मी तपासून घेईन. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. जवळपास निम्म्या लोकांनी ते चित्र पाहिले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते लक्षात आले होते सुमारे पाव लोकांच्या. याच संशोधकांपैकी केनेथ सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी 2003 मध्ये भाषणांच्या बाबतीत दाखवले की, वक्त्याला आपली घाबरगुंडी जितकी उघड दिसते आहे असे वाटते, तितकी ती श्रोत्यांना दिसत नसते. त्यांचा पुढचा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो : ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली गेली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. म्हणून मी हे तुम्हाला मौखिक परीक्षेच्या आधी सांगते आहे.

उच्चाराचा प्रश्न मात्र मी झटकून टाकणार नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 मध्ये दाखवले की, ऐकणाऱ्यांना ज्याची बोलण्याची ढब अगदी परकी वाटली, त्याचेही शब्द ते पुष्कळदा बिनचूक लिहून काढू शकले. ढब वेगळी असणे आणि बोलणे न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या इंग्रजीत मराठीची छटा आहे, ती राहू द्या. तिच्यामागे लागून वर्षे घालवणारे लोक असतात आणि त्यांच्या हाती फार थोडे लागते. मेहनत घ्यायची तर ज्याने अर्थ अडतो तिथे घ्यावी. शब्दातला आघात त्यांत महत्त्वाचा आहे. 'हायपॉथिसिस'मध्ये जोर 'पॉ'वर येतो. तुम्ही 'थीसिस' हा ओळखीचा शब्द धरून 'हायपो-थीसिस' असे म्हणालात. डोळ्यांनी शिकलेल्या शब्दांत ही चूक हमखास होते, कारण इंग्रजी लिपी जोर कुठे द्यायचा ते दाखवत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, आणि 'फटॉग्रफी'त दुसऱ्यावर, हे कान दिल्याशिवाय कळायचे नाही. आघाताच्या खालोखाल ऱ्हस्व-दीर्घ स्वर, म्हणजे 'लिव्ह' आणि 'लीव्ह' यांतला फरक. आणि शब्दारंभीचे 'प', 'ट', 'क'. इंग्रजीत या ध्वनींबरोबर हवेचा हलका झोत बाहेर पडतो, मराठीत पडत नाही, त्यामुळे परक्या कानाला आपला 'पेन' 'बेन' वाटू शकतो. 'अ' आणि 'द' ही उपपदे मराठीत नसल्यामुळे ती वगळली जातात किंवा नको तिथे येतात. लेखनात ती तपासून घ्या, बोलताना त्यांच्यासाठी थांबू नका. अर्थ त्यामुळे सहसा अडत नाही.

तुमच्या प्रबंधात पुन्हा पुन्हा येणारे शब्द फार तर 30-40 असतील. तेवढेच शब्द ऑनलाइन शब्दकोशात ऐका, जोराच्या अवयवाखाली पेन्सिलीने रेघ ओढा, आणि प्रत्येक शब्द एका छोट्या वाक्यात मोठ्याने म्हणा. मागच्या बाकावरच्या हसण्याचे उत्तर एवढ्यात होते.

क्लासविषयी घरच्यांशी बोलताना काय विचार करावा? क्लास वाईट नसतात आणि काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो. ज्यांना साधे भूतकाळाचे वाक्य जुळवतानाही अडते, किंवा ज्यांच्या आसपास इंग्रजीतून बोलायला एकही माणूस नाही, अशा वाचकांना मी चांगला क्लास नक्की सुचवेन. पण प्रवेश घेण्याआधी एक हिशेब करावा : तासाभरात मी स्वतः किती मिनिटे बोलणार आहे? 30 जणांच्या वर्गात शिक्षक एक शब्दही न बोलता सगळा वेळ विद्यार्थ्यांना देतील असे धरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला 2 मिनिटे येतात. उरलेला वेळ ऐकण्याचा, आणि ऐकणे तर तुम्हाला येतेच. शिवाय अशा वर्गांतले संवाद बहुधा ओळख करून देणे, रस्ता विचारणे, आवडीनिवडी सांगणे असे असतात. नमुना का निवडला हे तिथे कोणी विचारणार नाही. तुमच्यापाशी अभ्यासगट आहे, विषय आहे, मुदत आहे. आत्ता तरी क्लासची फी आणि वेळ मी वाचवेन.

त्या ऐवजी काय? भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी लोकांसमोर आणलेला एक सराव आहे, मूळ कल्पना कीथ मॉरिस यांची. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगायची : पहिल्याला 4 मिनिटांत, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 2. श्रोता दरवेळी नवा असल्यामुळे सांगणे कृत्रिम होत नाही, आणि आशय तोच असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लक्ष शब्दांकडे वळवता येते. तुमच्या अभ्यासगटात हे सहज जमेल. प्रबंधातले एक प्रकरण घ्या, तिघींना सांगा. पहिल्यांदा जिथे अडखळाल त्या जागा तिसऱ्या वेळी पुष्कळशा मोकळ्या झालेल्या असतील, आणि हा बदल तुम्हाला त्याच बैठकीत स्वतःला ऐकू येईल. ज्यांच्याकडे श्रोते नाहीत त्यांनी फोनवर स्वतःला रेकॉर्ड करावे. रेकॉर्डिंग ऐकताना एका वेळी एकच गोष्ट शोधावी, आज आघात, उद्या वाक्यांची लांबी. सगळ्या चुका एकदम शोधायला बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी फोन हातात घेत नाही. आणि जुने रेकॉर्डिंग पुसू नये. महिन्याभराने ते ऐकणे हा इतर कोणाच्याही कौतुकापेक्षा भक्कम पुरावा असतो.

गटासाठी एक नियम जरूर करा. बोलणारीला मध्येच थांबवून चूक सांगायची नाही. बोलणे संपल्यावर, आणि तिने विचारले तरच, एक किंवा दोन गोष्टी सांगायच्या. मधल्या दुरुस्तीने आशयावरचे लक्ष उडते आणि पुढचे वाक्य अधिकच घाबरत येते.

राहून गेलेली पायरी आहे अनपेक्षित प्रश्नांची, आणि तिचा सराव स्वतंत्रपणे करायला हवा. तुमच्या प्रबंधावर येऊ शकतील असे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा : हाच विषय का, हीच पद्धत का, नमुना इतकाच का, कोणता निष्कर्ष अनपेक्षित होता, कोणाशी तुमचे मत जुळत नाही, पुन्हा करायचे झाल्यास काय बदलाल. मैत्रिणींनाही त्यांत भर घालू द्या, म्हणजे काही प्रश्न तुम्हाला खरोखरच माहीत नसतील. चिठ्ठी उचलायची, मोठ्याने वाचायची आणि बोलायला लागायचे. उत्तरे लिहून पाठ करू नका, हे मी आग्रहाने सांगते. पाठ केलेले उत्तर त्याच प्रश्नाला चालते. परीक्षकाने शब्द जरा फिरवले की ते उत्तर निरुपयोगी होते आणि आठवण्याच्या खटपटीत विचार करायला जागाच राहत नाही. प्रत्येक प्रश्नासाठी दोन-तीन शब्दांचे टिपण मात्र असू द्या.

पाठ करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे : वेळ मिळवून देणारी मोजकी वाक्ये. 'इफ आय अंडरस्टँड करेक्टली, यू आर आस्किंग व्हाय आय चोझ दिस सॅम्पल.' 'कुड यू रिपीट द लास्ट पार्ट, प्लीज?' 'लेट मी थिंक फॉर अ मोमेंट.' 'आय डोन्ट रिमेंबर द एक्झॅक्ट वर्ड, बट आय मीन...' ही वाक्ये इतकी घोटलेली असावीत की ती म्हणताना लक्ष अजिबात लागू नये, कारण त्याच वेळी मागे उत्तर जुळत असते. पहिले वाक्य तर दुहेरी उपयोगाचे आहे : प्रश्न नीट समजला की नाही याची खात्री होते, आणि प्रश्नातलेच शब्द तुमच्या तोंडी येऊन उत्तराची सुरुवातही होऊन जाते. यांत लबाडी काहीच नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही कठीण प्रश्नाला असेच सामोरे जातात, आणि विचार करून बोलणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल परीक्षकांचे मत सहसा चांगलेच होते.

मधल्या काळात एक लहानसे काम कराल का? ज्या प्राध्यापकांनी नमुन्याविषयी विचारले होते, त्यांना भेटून त्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीतून द्या. 'त्या दिवशी मला नीट सांगता आले नाही, आता सांगते' एवढी प्रस्तावना पुरे. ते बहुधा त्यावर आणखी काही विचारतील, आणि तो तुमचा पहिला खराखुरा अनपेक्षित प्रश्न असेल, प्रेक्षकांशिवाय आणि गुणांशिवाय.

शेवटी मार्गदर्शकांबद्दल. आपली अडचण त्यांना कळली तर मत वाईट होईल, या भीतीने तुम्ही अजून त्यांच्याशी बोललेला नाहीत. मौखिक परीक्षेची तयारी करून घेणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे आणि विद्यार्थ्याने आधी येऊन विचारले तर बहुतेक मार्गदर्शकांना बरेच वाटते. परीक्षेचा आठवडा उजाडण्याआधी, निदान महिनाभर अगोदर, त्यांच्याकडे सराव परीक्षेसाठी अर्धा तास मागा. शक्य असेल तर प्रबंध न वाचलेल्या दुसऱ्या एखाद्या शिक्षकांनाही बसवायची विनंती करा, कारण त्यांचे प्रश्न तुमच्या मार्गदर्शकांच्या ओळखीच्या शब्दांत येणार नाहीत. प्रश्न आधी कळवू नयेत आणि सगळे इंग्रजीतूनच विचारावेत, हे स्पष्ट सांगा. आणि मध्ये तुम्ही थांबलात तर लगेच 'ठीक आहे' म्हणून पुढे जाऊ नये, शब्द सुचवू नये, 10 सेकंद नुसते थांबावे, अशीही विनंती करा.